मॅसोकिझम (संज्ञेचा अर्थ आणि व्युत्पत्ती)

मॅसोकिझम (मराठी पर्याय : आत्मपीडन, स्वपीडन) ही मानसशास्त्रातील व लैंगिक विज्ञानातील एक संज्ञा आहे. दुसऱ्या व्यक्तीकडून वेदना, अपमान किंवा दास्य सोसण्यातून लैंगिक सुख मिळण्याच्या प्रवृत्तीला हे नाव दिले जाते. व्यापक अर्थाने, आपल्या वाट्याला दुःख, पराभव किंवा शिक्षा यावी असेच वागत राहण्याच्या मनोवृत्तीलाही ती लावतात. दैनंदिन बोलण्यात तिचा अर्थ आणखी सैल झाला असून, विनाकारण स्वतःला त्रास करून घेणाऱ्या कोणालाही गमतीने 'मॅसोकिस्ट' म्हटले जाते. ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ रिखार्ड फोन क्राफ्ट-एबिंग (१८४०–१९०२) यांनी १८९० मध्ये जर्मन भाषेत ही संज्ञा रूढ केली. तिचे मूळ कोणत्याही धातूत किंवा सामान्यनामात नसून लेओपोल्ट फोन झाखर-माझोख या लेखकाच्या आडनावात आहे.

नामकरण

व्यक्तीच्या नावावरून शब्द तयार होणे मराठीला नवे नाही. 'तुघलकी कारभार', 'भीष्मप्रतिज्ञा', 'भगीरथ प्रयत्न' हे शब्दप्रयोग त्याच जातीचे होत. मात्र अशी नावे बहुधा पुराणपुरुषांची किंवा कित्येक शतकांपूर्वी होऊन गेलेल्यांची असतात. मॅसोकिझमच्या बाबतीत ज्याच्या नावावरून विकृतीचे नाव ठेवले गेले तो लेखक हयात होता, लिहिता होता आणि त्याच्या भाषेत चांगला परिचितही होता.

क्राफ्ट-एबिंग यांचा 'सायकोपाथिया सेक्शुआलिस' हा ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यायालयात साक्ष देणाऱ्या वैद्यांसाठी व कायदेतज्ज्ञांसाठी तो लिहिला होता, आणि सामान्य वाचकाच्या हाती तो सहज लागू नये म्हणून त्यातील नाजूक भाग लॅटिनमध्ये दिला होता. पहिल्या आवृत्तीत मॅसोकिझम हा शब्द नव्हता. १८९० च्या पुरवणी ग्रंथात तो आला आणि पुढे मूळ ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांत स्थिरावला. चार्ल्स गिल्बर्ट चॅडॉक यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८९२ मध्ये अमेरिकेत निघाला आणि त्यातून तो इंग्रजीत रुळला.

या नामकरणाचे समर्थन करताना क्राफ्ट-एबिंग यांनी 'डाल्टनिझम' या शब्दाचा दाखला दिला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांना काही रंग ओळखता येत नसत, त्यावरून रंगांधत्वाला ते नाव पडले होते. दाखला वरवर योग्य वाटतो, परंतु त्यात एक फरक राहून जातो. डाल्टन यांनी स्वतःचा दृष्टिदोष स्वतःहून, शास्त्रीय निबंध वाचून जाहीर केला होता. झाखर-माझोख यांनी कादंबरी लिहिली होती. कादंबरीतील पात्राचे वर्तन हेच लेखकाचे निदान ठरवण्याचा हा प्रकार त्यांच्या चाहत्यांना तेव्हाही खटकला होता.

जोडशब्द 'सॅडिझम' (परपीडन) हा फ्रेंच लेखक मार्की द साद (१७४०–१८१४) यांच्या नावावरून आला. तो फ्रेंच कोशात १८३४ पासून, म्हणजे क्राफ्ट-एबिंग यांच्या पुष्कळ आधीपासून, आढळतो. त्यांनी त्याला वैद्यकीय अर्थ देऊन मॅसोकिझमच्या शेजारी बसवले. दोहोंना मिळून 'सॅडोमॅसोकिझम' हे एकच नाव इसिडोर साडगर यांनी १९१३ मध्ये वापरले.

झाखर-माझोख

लेओपोल्ट फोन झाखर-माझोख यांचा जन्म २७ जानेवारी १८३६ रोजी लेमबेर्ग येथे झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यातील गॅलिशिया प्रांताची राजधानी होते. आज ते युक्रेनमध्ये असून ल्विव्ह या नावाने ओळखले जाते. वडील त्या शहराचे पोलीसप्रमुख होते. मातुल घराण्यात पुरुष वारस उरला नाही म्हणून 'माझोख' हे नाव पित्याच्या 'झाखर' या नावाला जोडले गेले. म्हणजे आज जगभर ज्या नावाने ही प्रवृत्ती ओळखली जाते ते लेखकाच्या आईच्या माहेरचे नाव होय.

ग्रात्स येथे शिक्षण घेऊन त्यांनी तेथेच काही काळ इतिहास शिकवला. पुढे लेखनाकडे वळल्यावर गॅलिशियातील शेतकरी, ज्यू आणि रूथेनियन लोकजीवनाच्या कथांनी त्यांना प्रसिद्धी मिळाली. लाइपझिग येथून त्यांनी चालवलेल्या नियतकालिकात ज्यूद्वेषाला विरोध आणि स्त्रियांच्या उन्नतीचा पुरस्कार ही सूत्रे होती. हे सर्व आज कोणी फारसे वाचत नाही. वाचली जाते ती १८७० मधील 'व्हेनस इम पेल्त्स' (फरवस्त्रातील व्हीनस) ही छोटी कादंबरी. तिचा नायक सेवेरिन हा वांडा नावाच्या स्त्रीशी लेखी करार करून तिचा दास बनतो. लेखकाने प्रत्यक्ष आयुष्यातही डिसेंबर १८६९ मध्ये फॅनी पिस्टर या लेखिकेशी सहा महिन्यांचा असाच करार केला होता. पुढे त्यांच्या पत्नीने 'वांडा' हेच नाव धारण केले आणि १९०६ मध्ये त्याच नावाने आत्मवृत्त प्रसिद्ध केले.

कादंबरीचा शेवट मात्र क्वचितच सांगितला जातो. सेवेरिन अखेरीस या दास्यातून बाहेर पडतो, आणि स्त्रीला हक्क, शिक्षण व काम यांत पुरुषाची बरोबरी मिळेपर्यंत ती त्याची गुलाम तरी राहील किंवा मालकीण तरी होईल, सहचारिणी होऊ शकणार नाही, असा निष्कर्ष काढतो. कथेचे हे तात्पर्य शब्दाच्या अर्थात उतरले नाही. झाखर-माझोख ९ मार्च १८९५ रोजी जर्मनीत लिंडहाइम येथे वारले. ल्विव्हमध्ये २००८ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

मूळ अर्थ आणि त्याचा विस्तार

क्राफ्ट-एबिंग यांच्या व्याख्येत भर शारीरिक वेदनेवर नव्हता. दुसऱ्याच्या इच्छेला पूर्णपणे अधीन होणे, त्याच्याकडून धन्याने दासाला वागवावे तसे वागवले जाणे, ही कल्पना तिच्या केंद्रस्थानी होती. वेदना हे त्या अधीनतेचे एक साधन, इतकेच. मराठी पर्यायांचा विचार करताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

याउलट अल्बर्ट फोन श्रेंक-नोत्सिंग यांनी १८९२ मध्ये सुचवलेली 'आल्गोलाग्निया' ही संज्ञा वेदनेलाच केंद्रस्थानी ठेवते. ती ग्रीक भाषेतील वेदना व कामवासना या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनली आहे. तिचे सक्रिय आणि निष्क्रिय असे दोन भेद कल्पून परपीडन व आत्मपीडन एकाच छत्राखाली आणता येत होते, आणि कोणाचे आडनावही बदनाम होत नव्हते. हॅव्हलॉक एलिस यांनी ती वापरली, तरी ती रुळली नाही. शब्दांच्या बाबतीत सोय आणि न्याय नेहमी एकत्र नांदत नाहीत.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये आत्मपीडनाकडे स्वतःवर उलटलेले परपीडन म्हणून पाहिले. १९२४ मधील निबंधात त्यांनी मत बदलून आत्मपीडनाचे मूळ स्वतंत्र व आदिम मानले आणि त्याचे कामजन्य, 'स्त्रैण' व नैतिक असे तीन प्रकार केले. यांतील नैतिक प्रकारात लैंगिक सुखाचा उघड संबंध उरत नाही. अपराधभावनेने ग्रासलेले मन शिक्षेच्या शोधात राहते, एवढाच आशय शिल्लक राहतो. शब्द शयनगृहातून बाहेर पडून राजकारण, क्रिकेट आणि नोकरीधंद्याच्या चर्चेत आला तो याच वाटेने. फ्रेंच तत्त्वज्ञ जील द्लझ यांनी १९६७ मध्ये साद आणि माझोख यांची जोडीच चुकीची असल्याचे प्रतिपादन केले. पहिल्याच्या जगात संस्था आणि बळजबरी असते, दुसऱ्याच्या जगात करार आणि मनधरणी असते, म्हणून एक दुसऱ्याचा उलटा आरसा नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता.

एका व्यंजनाचा प्रवास

मूळ जर्मन आडनावातील शेवटचे व्यंजन घशातून उच्चारल्या जाणाऱ्या 'ख'सारखे आहे. निरनिराळ्या भाषांनी या एका व्यंजनाचे काय केले यावरून शब्द कोणत्या मार्गाने तेथे पोचला हे बऱ्याचदा ओळखता येते.

जर्मनमध्ये 'माझोखिस्मुस', रशियनमध्ये 'मझाखीझम', पोलिशमध्ये 'मासोखिझम' आणि ग्रीकमध्ये 'माझोखिझमोस' असा मूळ ध्वनी जवळजवळ शाबूत राहिला. अरबीने 'माझूखिय्या' असे स्वतःचे प्रत्यययुक्त रूप घडवले, आणि त्या भाषेत 'ख' मुळातच असल्याने तिला अडचण आली नाही. इंग्रजीत हा ध्वनी नाही, म्हणून तेथे 'क' झाला. इटालियन 'मासोकिझ्मो', स्पॅनिश व पोर्तुगीज 'मासोकिस्मो' यांतही 'क'च आहे. फ्रेंचांनी मात्र आपल्या लिपीच्या सवयीने त्याच अक्षरांचा उच्चार 'श' केला आणि 'माझोशिझ्म' झाले. तुर्कीत 'माझोशिझ्म' असेच म्हणतात आणि तसेच लिहितात. तुर्कीने हा शब्द फ्रेंचमधून घेतला याचा हा बोलका पुरावा होय. जपानीत तो 'माझोहिझुमु' झाला. तेथे बोलताना त्याचे 'माझो', आणि पुढे नुसते 'एम' हे आद्याक्षर उरले. त्रास सोसण्याची हौस असलेल्या मित्राला तरुण जपानी माणूस या एका अक्षराने चिडवतो.

मराठीत हा शब्द इंग्रजीतून आला असल्याने 'मॅसोकिझम' किंवा 'मासोकिझम' हे लेखन योग्य आहे. 'मॅसोचिझम' हे क्वचित दिसणारे रूप रोमन अक्षरे पाहून केलेले लिप्यंतर असून त्याला कोणत्याही भाषेतील उच्चाराचा आधार नाही.

स्वतः करणे की सोसणे

काही भाषांनी शब्द उसना न घेता त्याचा आशय आपल्या शब्दांत आणला. या आशयानुवादांत दोन स्पष्ट गट पडतात.

पहिला गट 'स्व'वर भर देतो. फारसीत 'खुद-आझारी' म्हणजे स्वतःला त्रास देणे, आणि परपीडनासाठी 'दिगर-आझारी' म्हणजे इतराला त्रास देणे. यातील 'आझार' मराठी वाचकाला परका नाही. आपला 'आजार' तोच. मूळ फारसीत त्याचा अर्थ छळ, क्लेश असाही होतो, मराठीत येताना तो शारीरिक दुखण्यापुरता मर्यादित झाला. हिंदीतील 'स्वपीड़न' व 'आत्मपीड़न', तसेच मराठीतील त्यांची समरूपे याच गटातील आहेत.

दुसरा गट सोसण्यावर भर देतो. चिनी संज्ञेत 'क्रूरता' या अर्थाच्या चिन्हाआधी 'स्वीकारणे, वाट्याला येणे' या अर्थाचे चिन्ह येते. जपानीत संस्कृतसदृश कर्मणी अर्थाचे 'हिग्याकु' (छळ सोसणारा) आणि कर्तरी अर्थाचे 'जिग्याकु' (स्वतःचा छळ करणारा) असे दोन वेगळे शब्द आहेत. पैकी दुसरा तेथील राजकीय वादात विशेष वापरला जातो, कारण स्वदेशाच्या युद्धकालीन चुकांची कबुली देणाऱ्या इतिहासलेखनाला विरोधक 'जिग्याकु' म्हणतात.

बंगाली भाषेने केलेली रचना या सर्वांत अधिक मार्मिक वाटते. तेथे परपीडनाला 'धर्षकाम' आणि आत्मपीडनाला 'मर्षकाम' म्हणतात. 'धृष्' म्हणजे आक्रमण करणे, धजणे आणि 'मृष्' म्हणजे सहन करणे. दोन्ही शब्द यमकाने जोडलेले आहेत, दोहोंत 'काम' हे पद असल्याने लैंगिक आशय स्पष्ट राहतो, आणि सोसणारा कोण व करणारा कोण याविषयी संदिग्धता उरत नाही. 'मृष्' धातू मराठीला अनोळखी नाही. रसचर्चेतील व्यभिचारी भावांपैकी 'अमर्ष' (असहनशीलता, चीड) हा त्याच्यापासूनच बनला आहे. विद्यार्थ्यांनी 'परामर्श', 'विमर्श' या शब्दांशी त्याची गल्लत करू नये. ते 'मृश्' (स्पर्श करणे) या निराळ्या धातूपासून आले आहेत.

मराठी पर्याय

मराठीत 'आत्मपीडन' व 'स्वपीडन' हे दोन्ही पर्याय आढळतात. साहित्यसमीक्षेत पहिला अधिक रुळलेला आहे. त्यांतील 'पीड्' धातूचा मूळ अर्थ दाबणे, चेपणे असा आहे, आणि 'पिळणे' हे क्रियापदही त्याच कुळातील आहे.

या पर्यायांची जोडी 'परपीडन' या शब्दाच्या नमुन्यावर बेतलेली दिसते. परपीडा हा शब्द मात्र फार जुना आहे. संस्कृत सुभाषितांत परपीडन हे पापाचे लक्षण मानले आहे आणि तुकोबांच्या अभंगातही परपीडा याच अर्थाने येते. तेथे ती नीतीची संज्ञा आहे. विसाव्या शतकात तीच संज्ञा मनोविकाराचे नाव झाली आणि तिच्या शेजारी 'आत्मपीडन' उभे राहिले.

या पर्यायाची अडचण 'आत्म' या पदात आहे. आत्महत्या, आत्मपरीक्षण, आत्मस्तुती, आत्मक्लेश या सर्व शब्दांत करणारा आणि ज्याच्यावर क्रिया घडते तो एकच असतो. मॅसोकिझममध्ये बहुधा तसे नसते. पीडा देणारी व्यक्ती वेगळी असते, आणि क्राफ्ट-एबिंग यांच्या व्याख्येप्रमाणे तिच्या अधीन असणे हाच त्या सुखाचा गाभा असतो. शिवाय 'आत्मपीडन' या शब्दात सुखाचा निर्देश नाही, नुसत्या पीडेचा आहे. त्यामुळे ब्लेडने हातावर जखमा करून घेणाऱ्या तरुण मुलामुलींविषयी लिहितानाही हाच शब्द वापरला जातो. ती कृती बहुधा असह्य मानसिक ताण क्षणभर सैल करण्यासाठी केलेली असते. तिच्यात सुखाची ओढ नसते, तिला वेगळे उपचार लागतात आणि तिच्यासाठी 'स्वतःला इजा करणे' असे साधे शब्द वापरणेच श्रेयस्कर आहे. लैंगिक अर्थ अभिप्रेत असेल तेथे 'आत्मपीडन'ला 'रती' किंवा 'आसक्ती' हे पद जोडल्यास बराच गोंधळ टळतो.

लैंगिक विषयांवर मराठीत संयत व शास्त्रीय भाषेत लिहिण्याची वाट रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून पाडली. त्यासाठी त्यांना खटलेही सोसावे लागले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. पारिभाषिक शब्दांची आजची चर्चा निःसंकोचपणे करता येते, याचे श्रेय त्या पिढीला आहे.

परंपरेतील जवळचे वाटणारे शब्द

स्वतःच्या देहाला कष्ट देण्याच्या अनेक रीती भारतीय परंपरेत आहेत आणि त्यांची स्वतंत्र नावेही आहेत. त्यांना सरसकट मॅसोकिझम म्हणण्याची घाई काही लेखक करतात. हेतू पाहिल्यावर ते टिकत नाही.

जैन आचारात सहा बाह्य तपांपैकी शेवटचे 'कायक्लेश' होय. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे दिगंबर जैनांचे जुने केंद्र असून तेथील भट्टारकपीठे व हस्तलिखित भांडारे प्रसिद्ध आहेत. त्या परंपरेत कायक्लेश हा कर्मनिर्जरेचा उपाय आहे. त्यात सुखाची अपेक्षा धरली तर ते तपच उरत नाही. गौतम बुद्धांनी पहिल्या प्रवचनात वर्ज्य ठरवलेल्या दोन टोकांपैकी एक कामसुखात रमणे आणि दुसरे 'अत्तकिलमथ', म्हणजे स्वतःला शिणवणे, हे होते. बुद्धांनी ही दोन टोके परस्परविरुद्ध मानली. मॅसोकिझम ही संज्ञा नेमकी त्या दोहोंना एकत्र आणते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे वेगळेपण कळते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. आत्मपीडा आणि परपीडा एकाच श्लोकात शेजारी आल्या आहेत, ही विशेष गोष्ट होय. ज्ञानेश्वरीत (१२९०) याच ठिकाणी डोक्यावर गुग्गुळ जाळणे, पाठीत गळ टोचणे, अंगाला निखाऱ्यांनी भाजून घेणे अशा प्रकारांचे वर्णन येते. तेराव्या शतकातील महाराष्ट्रात या रीती चालू होत्या आणि विचारी माणसाला त्या मान्य नव्हत्या, हे दोन्ही त्यातून समजते.

गळ टोचून घेण्याची प्रथा 'बगाड' या नावाने ओळखली जाते. सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात बावधन येथील भैरवनाथाच्या यात्रेत बगाड आजही निघते, मात्र आता बगाड्याला गळाऐवजी कापडाने बांधतात. मरीआईचा पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो. कोणी नवस फेडण्यासाठी लोटांगण घालत देवळापर्यंत जातो. या सर्वांत देवाशी केलेला व्यवहार, जातीने वा घराण्याने आलेली सेवा, किंवा पोटासाठी पत्करलेला पेशा असतो. पोतराजाच्या पाठीवरील वळांत सुख शोधण्यापेक्षा त्याच्या झोळीत काय पडले हे पाहणे अधिक उद्‌बोधक ठरेल.

सार्वजनिक जीवनात 'आत्मक्लेश' हा शब्द वेगळ्याच अर्थाने रूढ आहे. एप्रिल २०१३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी आपल्या विधानाच्या प्रायश्चित्तादाखल कराड येथे यशवंतराव चव्हाण यांच्या समाधिस्थळी दिवसभर आत्मक्लेश केला. मे २०१७ मध्ये राजू शेट्टी यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर पुणे ते मुंबई अशी आत्मक्लेश यात्रा काढली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बाबा आढाव यांनी पुण्याच्या फुलेवाड्यात आत्मक्लेश उपोषण केले. प्रायश्चित्त आणि निषेध या दोन्ही छटा या एका शब्दात सामावतात. इंग्रजी वृत्तपत्रासाठी त्याचे भाषांतर करताना मॅसोकिझमच्या जवळपासही जाता येणार नाही.

खरे साम्य कोठे असेल तर ते 'त्रागा' या अस्सल मराठी शब्दात आहे. आज त्रागा म्हणजे चिडून केलेली आदळआपट. परंतु गुजरात व काठेवाडात भाट आणि चारण लोक दिलेल्या वचनाचा भंग झाल्यास स्वतःला जखमा करून घेत किंवा प्राणही देत, आणि त्याचे पातक वचन मोडणाऱ्याच्या माथी मारत. त्या कृतीला त्रागा म्हणत. स्वतःची इजा हे तेथे समोरच्याला नमवण्याचे शस्त्र असते. मनोविश्लेषक थिओडोर राइक यांनी १९४१ च्या ग्रंथात मॅसोकिझमचे मर्म पराभवातून मिळवलेला विजय असे सांगितले आहे. घरोघरी उपाशी झोपून होणारा त्रागा ज्याने पाहिला आहे त्याला हे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

कामसूत्रातील उल्लेख

वात्स्यायनाच्या कामसूत्रात प्रहार व सीत्कार यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तेथे काही आघातप्रकार दाक्षिणात्यांचे म्हणून सांगितले असून, कुंतल देशीच्या शातकर्णी सातवाहन राजाकडून 'कर्तरी' नावाच्या आघाताने महाराणी मलयवतीचा मृत्यू ओढवल्याचा दाखला येतो. ते प्रकार क्लेशकारक व अनार्य असल्याने त्याज्य आहेत, असे वात्स्यायन स्वतःच्या नावाने बजावतो. कामसूत्राला मॅसोकिझमचा प्राचीन पुरस्कर्ता ठरवणाऱ्या लेखनात हे वाक्य बहुधा गाळलेले असते.

सोशिकपणा आणि संज्ञेचा गैरवापर

फ्रॉइड यांच्या 'स्त्रैण' आत्मपीडनाच्या कल्पनेचा परिणाम दूरवर गेला. मार खाऊनही नवऱ्याचे घर न सोडणाऱ्या स्त्रीला ते आवडत असले पाहिजे, असा अर्थ तिच्यातून काढला गेला. कॅरेन हॉर्नी यांनी १९३५ मध्येच या कल्पनेला आव्हान देऊन, स्त्रियांच्या सोसण्यामागे सामाजिक व आर्थिक कारणे असल्याचे दाखवले. पॉला कॅप्लन यांनी १९८५ च्या पुस्तकात ही समजूत मिथक असल्याचे सविस्तर मांडले.

महाराष्ट्रात हा विचार शब्दाच्याही आधी मांडला गेला होता. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले, क्राफ्ट-एबिंग यांनी मॅसोकिझमला नाव देण्याच्या आठ वर्षे आधी. नवरा कसाही वागला तरी त्याला देव मानून सोसत राहावे, या पतिव्रताधर्माच्या अपेक्षेवर ताराबाईंनी त्यात प्रखर हल्ला केला आहे. सोसणे हा स्त्रीचा स्वभाव नसून तिच्यावर लादलेला नियम आहे, हा त्यांचा रोख होता.

माहेरचा आधार नाही, हाती पैसा नाही, पदरात मुले आहेत आणि परत गेल्यास लोक काय म्हणतील याची भीती आहे, अशा स्त्रीच्या राहण्याला 'आत्मपीडन' हे नाव देणे भाषिकदृष्ट्या चूक आणि परिणामतः घातक आहे. निवड नसते तेथे आसक्तीचा प्रश्नच येत नाही. 'सोशीक' हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द असल्याने ही गल्लत मराठीत अधिक सहज होते. १९९१ च्या 'माहेरची साडी' या लोकप्रिय चित्रपटाच्या नायिकेविषयी लिहिताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जाण्याचा धोका तेवढ्यासाठीच ध्यानात ठेवावा. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा स्त्रीने घर सोडावे अशी अट घालत नाही. त्याच घरात राहण्याचा तिचा हक्क तो मान्य करतो.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८७ च्या निदानपुस्तिकेच्या परिशिष्टात स्वतःचेच नुकसान करून घेणाऱ्या व्यक्तिमत्त्वाचा एक विकार सुचवला होता. मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांवरच तो शिक्का बसेल, या आक्षेपामुळे त्यावर मोठा वाद झाला आणि १९९४ च्या आवृत्तीत तो राहिला नाही.

वैद्यक आणि कायदा

याच संघटनेच्या २०१३ च्या पुस्तिकेत लैंगिक आत्मपीडनाची नुसती आवड आणि त्याचा विकार यांत भेद केला आहे. ही ओढ किमान सहा महिने टिकून तिच्यामुळे त्या व्यक्तीला लक्षणीय मनस्ताप होत असेल किंवा तिच्या व्यवहारात बाधा येत असेल तरच विकाराचे निदान करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने एक पाऊल पुढे जाऊन, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतून ही संज्ञा वगळली. संमतीविना दुसऱ्यावर लादलेले परपीडन मात्र विकारांच्या यादीत कायम ठेवले.

भारतीय कायद्यात अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमतीने सोसलेली किरकोळ इजा गुन्हा ठरत नाही, परंतु मृत्यू किंवा जबर दुखापत घडवण्याचा हेतू किंवा तशी संभाव्यता माहीत असल्यास संमतीचा बचाव चालत नाही. ही तरतूद पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम ८७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये आहे. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये, प्रौढ पुरुषांच्या परस्परसंमत कृत्यांच्या एका खटल्यात, प्रत्यक्ष शारीरिक इजा झाली असता संमती हा बचाव होऊ शकत नाही असा निर्णय बहुमताने दिला.